शिकविणाऱ्या यंत्राची निवृत्ती

बिदर शहरात शिक्षणाची दोन स्थाने आहेत. पहिले स्थान म्हणजे महमूद गवान याचा मदरसा. बहमनी राज्याच्या या विद्याव्यासंगी वजिराने १४७२ च्या सुमारास तो उभारला. तेथे पंडित शिकवीत, विद्यार्थी राहत आणि त्यांच्यासाठी मोठे ग्रंथालय होते. १६९६ मध्ये दारूचा स्फोट होऊन त्याच्या दर्शनी भागाचा मोठा हिस्सा ढासळला. आज ती वास्तू पाहण्याचे स्थळ होऊन राहिली आहे. दुसरे स्थान गावाबाहेरच्या माळावर आहे. तो वायुसेनेचा तळ होय. तेथील वर्ग आकाशात भरतो आणि शिकविण्याचे साधन म्हणजे विमान.

मदरशाच्या भिंती जपता आल्या, परंतु तेथील अध्यापन जपता आले नाही. विमानाच्या बाबतीतही हाच प्रश्न उद्भवतो. ज्या यंत्राने शेकडो तरुणांना उडावयास शिकविले, ते म्हातारे झाले म्हणजे त्याला रंग देऊन चौथऱ्यावर बसवावे, की निदान एखादे तरी उडण्याच्या स्थितीत ठेवावे? विमानापेक्षाही हेलिकॉप्टरच्या बाबतीत हा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि पुढील काही वर्षांत तो टाळता येण्यासारखा नाही.

बिदर आणि कलबुर्गी हे दोन्ही जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानच्या व पुढे हैदराबाद राज्याच्या मुलखात होते. या मुलखाला उड्डाणशिक्षणाची परंपरा जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हैदराबादजवळ बेगमपेठ येथे प्राथमिक उड्डाणाची शाळा चालत असे, आणि तेथे 'टायगर मॉथ' नावाच्या दुपंखी विमानावर नवशिक्यांना पहिले धडे मिळत. पुढे बिदरच्या शाळेत प्राथमिक शिक्षणासाठी 'एच. टी. २' हे भारतीय बनावटीचे विमान आले. १९९६ मध्ये 'सूर्यकिरण' हे कसरती पथक बिदरलाच जन्मले व त्याने 'किरण' जातीची विमाने वापरली. २००८ पासून त्याच तळावर 'हॉक' या जेट विमानांवर शिक्षण सुरू झाले. भालकी, औराद, बसवकल्याण आणि सीमेपलीकडील उदगीर, निलंगा या बाजूच्या शेतकऱ्याला विमानाचा आवाज नवा नाही. नांगर धरलेला माणूस मराठी बोलो की कन्नड, डोक्यावरून शिकाऊ उमेदवार चालला आहे एवढे त्याला ठाऊक असते.

या कथेत मराठी वाचकाला जवळची वाटतील अशी दोन नावे आहेत. कलबुर्गीच्या शेजारचे सोलापूर हे वालचंद हिराचंद यांचे जन्मगाव. त्यांनी म्हैसूर सरकारच्या साहाय्याने १९४० च्या डिसेंबरात बेंगळूर येथे 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' ही कंपनी स्थापन केली. तिच्यात १९४१ मध्ये जुळविले गेलेले पहिले विमान 'हार्लो' जातीचे होते, आणि ते शिकाऊ विमानच होते. दुसरे नाव डॉ. विष्णू माधव घाटगे यांचे. कोल्हापूरकडील हसूरचंपू या गावी १९०८ मध्ये जन्मलेल्या या संशोधकाने जर्मनीत ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्यासारख्या आचार्याच्या हाताखाली वायुगतिशास्त्राचे अध्ययन केले. एच. टी. २ ची रचना त्यांच्या नेतृत्वाखाली झाली व १९५१ च्या ऑगस्टात ते प्रथम उडाले. १९६४ मध्ये उडालेले किरण हे शिकाऊ जेट विमानही त्यांच्याच मार्गदर्शनाचे फळ. म्हणजे बिदरच्या आकाशातील दोन पिढ्यांची विमाने एका मराठी माणसाच्या विचारातून उतरली होती. एच. टी. २ इतके चांगले ठरले की आफ्रिकेतील घाना देशानेही ते आपल्या वायुसेनेसाठी घेतले.

हेलिकॉप्टरची कथा याच मुलखात, पण थोड्या पुढच्या गावी घडली. भारतीय वायुसेनेत पहिले हेलिकॉप्टर १९५४ मध्ये आले. ते अमेरिकन 'सिकोर्स्की एस-५५' होते. त्यामागून 'बेल ४७' या जातीची काचेचा बुडबुडा बसविल्यासारखी दिसणारी छोटी हेलिकॉप्टरे आली. १९६२ मध्ये फ्रान्समधील 'आलुएट ३' हे हेलिकॉप्टर भारतात बनविण्याचा करार झाला आणि १९६५ मध्ये बेंगळूरला जुळविलेले पहिले यंत्र उडाले. राणा प्रतापाच्या घोड्यावरून त्याचे नाव 'चेतक' ठेवण्यात आले. अशी तीनशेहून अधिक हेलिकॉप्टरे बेंगळूरला तयार झाली. हैदराबादजवळच्या हकीमपेठ येथील हेलिकॉप्टर प्रशिक्षण शाळेत वायुसेनेच्या अनेक पिढ्या चेतकवर घडल्या. बिदरहून ते ठिकाण दीडशे किलोमीटरच्या आत आहे. नाशिक येथील सेनेच्या उड्डाणशाळेतही चेतक आणि त्याचे भावंड 'चीता' यांनीच अधिकाऱ्यांना शिकविले.

शिकविणारे हेलिकॉप्टर म्हणजे काय, हे समजल्याखेरीज त्याच्या पुनरुज्जीवनाचे मोल कळावयाचे नाही. विमान वेगाने पुढे गेले म्हणजे त्याचे पंख त्याला आपोआप तोलतात. हेलिकॉप्टरला पंख नाहीत. डोक्यावर फिरणारी पातीच त्याचे पंख होत. चालकाच्या डाव्या हाती एक दांडी असते. ती उचलली की सर्व पात्यांचा कोन एकदम वाढतो आणि यंत्र वर उठते. उजव्या हातातील दांडीने पुढे, मागे किंवा बाजूला जाता येते. पायाखालच्या पट्ट्यांनी शेपटीवरचा लहान पंखा आवरला जातो आणि यंत्राचे तोंड जागेवर राहते. यांतील एक हालविले की उरलेली दोन्ही हालवावी लागतात. हवेत एका जागी स्थिर उभे राहणे हा या शिक्षणातील पहिला मोठा डोंगर असतो. नवशिक्याच्या हातात यंत्र प्रथम झोपाळ्यासारखे झुलते. शेजारी बसलेला शिक्षक दुहेरी दांड्यांपैकी आपली दांडी हलकेच धरून असतो. काही तासांनंतर एके दिवशी ते झुलणे थांबते, आणि त्या दिवशी वैमानिक जन्माला येतो.

त्याहून मोठा धडा इंजिन बंद पडल्यावरचा. इंजिन थांबले म्हणजे हेलिकॉप्टर दगडासारखे खाली येते, असा लोकांचा समज असतो. तो खरा नाही. चालकाने डावी दांडी तात्काळ खाली केली तर खालून वर वाहणाऱ्या हवेने पाती फिरत राहतात, आणि जमिनीजवळ त्याच फिरत्या पात्यांतील शक्ती वापरून यंत्र अलगद टेकविता येते. १९७२ च्या जूनमध्ये ज्यां बूले या फ्रेंच वैमानिकाने चीताच्याच फ्रेंच भावंडातून १२,४४२ मीटर उंची गाठून विक्रम केला. तेथे त्याचे इंजिन विझले, आणि तेवढ्या उंचीवरून तो याच रीतीने सुखरूप उतरला. प्रत्येक उमेदवाराला हे उतरणे पुन्हा पुन्हा करावे लागते. म्हणूनच शिकाऊ हेलिकॉप्टरचा एक तास हा इतर हेलिकॉप्टरच्या तासापेक्षा अधिक झिजविणारा असतो. वारंवार सुरू होणे, वारंवार टेकणे, अननुभवी हाताचे धक्के सोसणे हे त्याचे नित्यकर्म. शाळेतल्या बाकांवर जसे मुलांच्या चाकूचे वण राहतात, तसे या यंत्राच्या सांध्यासांध्यांत शिकणाऱ्यांचे वण राहतात. फरक एवढाच, की ते डोळ्यांना दिसत नाहीत.

हे न दिसणारे वण हीच जुने हेलिकॉप्टर पुन्हा उडते करण्यातील मुख्य अडचण आहे. थोडा हिशेब केला म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होईल. चेतकच्या मुख्य पंख्याला तीन पाती असून त्याचा व्यास सुमारे ११ मीटर आहे. तो मिनिटाला सुमारे ३५० फेरे घेतो. पात्याचे टोक ताशी ७०० किलोमीटरहून अधिक वेगाने हवा कापते. पाते प्रत्येक फेऱ्यात थोडे वर वाकते, थोडे खाली येते. तासाला असे २१,००० हेलकावे झाले. हजार तासांत त्यांची संख्या दोन कोटींच्या वर जाते. एखादी तार हाताने पुढेमागे वाकवीत राहिले तर ती न ताणताच तुटते. धातूच्या या थकव्यामुळेच पात्याला, त्याच्या मुळाशी असलेल्या जोडांना, दंडाला आणि दंतचक्रांच्या पेटीतील कित्येक भागांना ठरीव आयुष्य दिलेले असते. तेवढे तास भरले की तो भाग कितीही चकचकीत दिसो, तो काढून टाकावा लागतो. विमानाचा पंख बराच काळ दुरुस्तीने चालविता येतो. हेलिकॉप्टरचे पाते मात्र तासांचे कर्ज घेऊन जन्मलेले असते, आणि त्या कर्जाला मुदतवाढ नाही.

यावरून असे दिसेल, की पुनरुज्जीवनाचे पहिले काम हातोडीचे नसून कागदाचे असते. प्रत्येक महत्त्वाच्या भागाबरोबर त्याची नोंदपत्रिका असते. तो भाग केव्हा बसविला, किती तास चालला, केव्हा उघडून तपासला, कोणी सही केली, हे सारे तीत लिहिलेले असते. ज्या पात्याची पत्रिका हरवली त्याचे वय कोणाला सांगता येत नाही, आणि वय न कळणारे पाते तज्ज्ञाच्या लेखी मृत असते. चौथऱ्यावर उभ्या केलेल्या यंत्राची गोष्ट बहुधा येथेच संपते. रंग ताजा असतो, चाके जागेवर असतात, परंतु कागद कोठल्या तरी कपाटातून केव्हाच रद्दीत गेलेले असतात.

कागद जुळले तर मग यंत्र उघडावे लागते. रंग खरवडून धातू मोकळा करतात. ज्या भागांना तडे जाण्याचा संभव असतो त्यांवर झिरपणारा रंगद्रव सोडतात. तो पुसल्यावर केसाएवढ्या भेगेत अडकलेला रंग तिचा माग देतो. पोलादी भागांवर चुंबकीय भुकटी टाकून हीच परीक्षा करतात. वजन कमी राखण्यासाठी वापरलेल्या हलक्या मिश्रधातूंना दमट हवेत आतून कीड लागते. रबरी नळ्या, तेल अडविणाऱ्या चकत्या आणि विजेच्या जुन्या तारा चालल्या काय वा न चालल्या काय, वयामुळेच बदलाव्या लागतात. इंजिनाची परीक्षा वेगळ्या चौकटीवर होते. चेतकचे 'आर्टूस्ट' इंजिन मुळात सुमारे ८७० अश्वशक्तीचे. परंतु त्यातून सुमारे ५५० अश्वशक्तीच घेण्याची मर्यादा रचनाकारांनी घालून दिली. उन्हाच्या दिवशी अथवा उंच पर्वतावर, जेथे विरळ हवेमुळे इंजिने थकतात, तेथेही ते भरवशाचे राहावे हा त्यातील हेतू. हिमालयात या जातीने जे नाव कमावले त्यामागे रचनाकारांचा हा संयम आहे.

सर्व भाग पुन्हा जुळल्यावर पात्यांची समतोल-परीक्षा येते. तिची जुनी पद्धत मोठी मनोहर होती. प्रत्येक पात्याच्या टोकाला निराळ्या रंगाचा खडू लावीत. पंखा पूर्ण वेगाने फिरू लागला म्हणजे एक अनुभवी कारागीर उंच काठीवर ताणलेली कापडाची पट्टी हळूच त्या वर्तुळाच्या कडेला भिडवी. कापडावर तीन रंगांचे तीन ठिपके उमटत. ते एका ओळीत आले तर पाती एका पातळीत फिरत आहेत असे समजावे. एखादा ठिपका वर वा खाली उमटला तर ते पाते दोषी. आता हेच काम प्रकाशझोताच्या व कंपमापकांच्या साहाय्याने होते. परंतु जुन्या यंत्राला समजून घ्यावयाचे तर ज्याच्या हातात ती काठी होती, त्या माणसाची आठवण फार उपयोगी पडते. दंतचक्रांच्या पेटीचा आवाज कोणत्या दिवशी बदलला, कोणता जोड वरून कोरडा दिसला तरी आत तेल सोडतो, हे पुस्तकात पूर्णपणे उतरत नाही.

बिदरच्या लोकांना ही गोष्ट पटवून देण्याची गरज नाही. तेथील बिदरी कामाचा कारागीर जस्त आणि तांबे यांच्या मिश्रणाची वस्तू ओततो, तिच्यावर नक्षी कोरून चांदीची तार बसवितो, आणि शेवटी किल्ल्यातील जुन्या मातीच्या व नवसागराच्या काढ्यात ती बुडवून काळी करतो. कोणती माती चांगली हे तो जिभेवर ठेवून पारखतो. ही पारख बापाकडून मुलाकडे गेली म्हणून बिदरी जिवंत राहिली. मदरशाला पहारेकरी मिळाले. बिदरीला शिष्य मिळाले. यंत्राचे पुनरुज्जीवनही शिष्यांवाचून होत नाही.

भारतात अशा प्रयत्नांची उदाहरणे आहेत, आणि ती अभिमानाबरोबर विचारही करावयास लावणारी आहेत. वायुसेनेने आपल्या ऐतिहासिक विमानांच्या पथकासाठी एक टायगर मॉथ पुन्हा उडते करविले. २०१२ मध्ये वायुसेनेच्या ऐंशीव्या वर्धापनदिनी हिंडन येथे ते आकाशात दिसले. २०१८ मध्ये एक डकोटा विमान इंग्लंडहून उडत उडत जामनगरला पोहोचले व मे महिन्यात हिंडन येथे वायुसेनेच्या स्वाधीन झाले. राजीव चंद्रशेखर यांनी ते आपल्या वैमानिक पित्याच्या सन्मानार्थ भेट दिले होते. १९४७ च्या ऑक्टोबरात श्रीनगरला सैनिक उतरविणाऱ्या डकोट्यांची आठवण म्हणून त्याला 'परशुराम' हे नाव व त्या काळचा क्रमांक देण्यात आला. परंतु या दोन्ही विमानांचे पुनरुज्जीवन इंग्लंडमधील कार्यशाळेत झाले, हेही ध्यानात ठेवावे लागते. ज्या देशात एके काळी टायगर मॉथ शेकड्यांनी उडत होती आणि डकोट्यांची निगा राखणारे कारागीर ठिकठिकाणी होते, त्या देशाला एकेका विमानासाठी परदेशी हातांचा आधार घ्यावा लागला. यंत्रे निवृत्त झाली तेव्हा त्यांच्याबरोबर ते ज्ञानही निवृत्त झाले होते.

परदेशात हेलिकॉप्टरांच्या बाबतीत काय झाले, हे पाहणे बोधप्रद आहे. बेल ४७ हे १९४६ मध्ये नागरी उड्डाणाचा परवाना मिळविणारे पहिले हेलिकॉप्टर. अनेक सेनांनी त्याच्यावर आपले चालक घडविले. त्याचे उत्पादन १९७० नंतरच्या दशकात थांबले. तरीही ते जगात अनेक ठिकाणी उडत राहिले, याचे कारण भावनिक नसून व्यवहारी आहे. २०१० मध्ये मूळ कंपनीने त्या जातीचे अधिकारपत्र, नकाशे व भाग बनविण्याचा हक्क अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील एका लहान कंपनीकडे सोपविला. कागद जिवंत राहिले म्हणून यंत्र जिवंत राहिले. इंग्लंडमध्ये सॉमरसेट परगण्यातील एका संस्थेने 'व्हर्लविंड' व 'वेसेक्स' ही सैनिकी हेलिकॉप्टरे पुन्हा उडती केली. यांपैकी व्हर्लविंड हा भारतात पहिल्याने आलेल्या एस-५५ चाच इंग्रजी अवतार होय. ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग येथील एका पथकाने १९४७ मध्ये प्रथम उडालेल्या 'सिकॅमोर' या हेलिकॉप्टरचा एक नमुना उडण्याच्या स्थितीत आणला. त्याची पाती लाकडी असतात, आणि लाकूड ऋतुमानाप्रमाणे फुगते व आकसते. तेथे धातुशास्त्रज्ञाबरोबर सुताराचीही विद्या लागते.

याविरुद्ध बोलणाऱ्यांचे म्हणणे दुर्लक्ष करण्याजोगे नाही. त्यांची पहिली हरकत खर्चाची. जो भाग एखाद्या जुन्या यंत्राला बसवावयाचा तो सीमेवर औषधे पोहोचविणाऱ्या यंत्राला का देऊ नये? दुसरी हरकत जिवाची. २०१५ च्या ऑगस्टात इंग्लंडमध्ये शोरॅम येथे 'हंटर' जातीचे एक जुने दोन आसनी शिकाऊ विमान कसरत करीत असता रस्त्यावर कोसळले आणि ११ माणसे मृत्युमुखी पडली. ती विमान पाहण्यासाठी तिकीट काढून आलेलीही नव्हती. त्यांपैकी बहुतेक आपल्या वाटेने चालली होती. चौकशीत असे आढळले, की आकाशातील कोलांटी पूर्ण करण्यास हवी तेवढी उंची विमानाने गाठलीच नव्हती. यंत्र दुरुस्त असले तरी ते चालविण्याचा सराव, त्याच्या मर्यादांचे ज्ञान आणि देखरेखीची शिस्त शिळी झाली तर काय होते, याचा हा धडा आहे. इतिहास जपण्याच्या उत्साहात वाटसरूचा जीव पणाला लावण्याचा अधिकार कोणालाही नाही.

परंतु या हरकतींतूनच योग्य मार्ग सापडतो. सर्व जुनी यंत्रे उडविण्याची आवश्यकता नाही. बहुतेकांनी सन्मानाने उभे राहावे हेच बरे. गोव्यात बोगमाळो येथे १९९८ मध्ये सुरू झालेल्या नौदलाच्या विमान-संग्रहालयात 'सी हॉक' आणि 'सुपर कॉन्स्टेलेशन' ही विमाने उभी आहेत, आणि त्यांना पाहून एखाद्या मुलाच्या मनात उड्डाणाची इच्छा जागत असेल तर त्यांचे उभे राहणे सार्थकी लागले. उडवावयाचे असेल तर एकच यंत्र उडवावे. कसरती न करता, गर्दीवरून न जाता, शांत सकाळी आपल्या जुन्या तळावर एक फेरी घालावी. शिकाऊ हेलिकॉप्टरला तर त्याहून अधिक काही करून दाखविण्याची गरजच नाही. जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर स्थिर उभे राहणे, हीच तर त्याची मूळ विद्या.

आणि हे करावयाचे तर त्याची वेळ यंत्र निवृत्त होण्याची आहे, त्यानंतर तीस वर्षांनी नव्हे. चेतक आणि चीता यांची जागा घेण्यासाठी बेंगळूरला तयार झालेले नवे हलके हेलिकॉप्टर २०१६ मध्ये प्रथम उडाले. जुन्या जोडीने साठ वर्षांची चाकरी केली आहे, आणि तिचा निरोप हा आता केवळ काळाचा प्रश्न आहे. टायगर मॉथ अथवा डकोटा यांच्यापेक्षा चेतकची स्थिती फार वेगळी आहे. ते येथेच बनले. त्याचे नकाशे, साचे, परीक्षा-चौकटी येथे आहेत. त्याची इंजिने उघडून जोडणारे हात अजून कामावर आहेत. शेवटच्या दिवशी ज्याच्या पात्यांत सर्वांत अधिक तास शिल्लक आहेत असे एक यंत्र निवडावे; त्याच्यासाठी सुट्या भागांचा एक संच मोहरबंद करून कोरड्या जागी ठेवावा; सर्व नोंदपत्रिकांच्या प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात; खास हत्यारे भंगारात जाऊ देऊ नयेत; आणि निवृत्त होणाऱ्या कारागिरांना बसवून त्यांच्या तोंडून त्या यंत्राचा स्वभाव लिहून घ्यावा. या पाच गोष्टींना आज जो खर्च येईल त्याच्या अनेक पटींनी तो पुढे येईल, किंवा कितीही खर्च करावयाची तयारी असली तरी त्या मिळणार नाहीत.

एच. टी. २ चे उदाहरण येथे पुन्हा आठवावे. त्याचा सांगाडा भारतीय रचनेचा होता, परंतु इंजिन १५५ अश्वशक्तीचे इंग्रजी 'सिरस मेजर' होते. इंजिन बनविणारे मूळ घराणे मोठ्या कंपन्यांत विलीन झाले, सुटे भाग दुर्मिळ झाले, आणि डॉ. घाटगे यांच्या रचनेचे भवितव्य दूरच्या देशातील एका बंद पडलेल्या कारखान्याशी बांधले गेले. स्वतःचे यंत्र स्वतःच्या देशात पुन्हा उडविता येणे, ही स्वावलंबनाची एक शांत परीक्षा आहे. नवे यंत्र बनविण्यात जितकी विद्या लागते तितकीच जुने यंत्र विश्वासाने चालू ठेवण्यातही लागते. किंबहुना दुसऱ्या कामात प्रामाणिकपणाची कसोटी अधिक लागते, कारण तेथे प्रत्येक भागाला 'तुझे किती दिवस उरले आहेत' हे विचारून खरे उत्तर स्वीकारावे लागते.

शिकविणाऱ्या यंत्राचे ऋण वेगळेच असते. लढाऊ विमानाचे पराक्रम इतिहासात नोंदले जातात. शिकाऊ यंत्राचा पराक्रम दुसऱ्यांच्या नावावर जमा होतो. पुरात अडकलेल्या माणसाला छपरावरून उचलणारा वैमानिक, बर्फाच्छादित चौकीवरून जखमी जवानाला खाली आणणारा वैमानिक, यांनी हवेत स्थिर उभे राहण्याचा पहिला धडा जेथे घेतला ते हेच यंत्र. त्याच्या दुसऱ्या आसनावर आणखी एक हात सदैव सावध होता, म्हणून पहिल्या हाताला चुका करण्याची मुभा मिळाली. असे एखादे चेतक उडण्याच्या स्थितीत राहिले, तर त्याच्या देखभालीसाठी दरवर्षी दोनचार तरुण यंत्रज्ञांना ते उघडावे लागेल, तपासावे लागेल, त्याच्या पात्यांचे तास मोजावे लागतील. चालकांना शिकविण्याचे काम सुटले तरी कारागिरांना शिकविण्याचे काम त्याच्याकडे राहील, आणि नोंदपत्रिकेवर नव्या सह्या होत राहतील.